करंगळीच्या मापाचे घर

एकदा एका नामांकित सुताराला त्याच्याच पायाने बेचाळीस दिवसांची सुटी दिली. कामसू माणसाला सुटी दुसरे कोणी देत नाही आणि तो मागतही नाही, म्हणून शेवटी पायालाच हे काम करावे लागले.

झाले ते असे. पुनाजी त्याचे नाव. देवळाच्या सभामंडपात तुळईवर वेल कोरत असताना परांचीवरून पाय निसटला आणि नडगीचे हाड मोडले. हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि बजावले, "बेचाळीस दिवस उंबरठा ओलांडायचा नाही. ओलांडलास तर जन्मभर काठी धरून हिंडशील." पुनाजी काही साधासुधा सुतार नव्हता. रथ असो, पालखी असो, देवळाचे महाद्वार असो, पंचक्रोशीत त्याच्यावाचून पान हलत नसे. असा माणूस घरात बसला म्हणजे काय होते ते घरच्यांना विचारा. पहिले दोन दिवस त्याने भिंतीवरच्या पालीला तेवढे कामाला लावायचे बाकी ठेवले.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, सगुणाने, माळ्यावरून एक पेटी उतरवून घेतली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"यमूकडून निरोप आलाय," ती म्हणाली. "सहावा लागला. आणखी चाळीस दिवसांनी तिला बाळंतपणाला आणून सोडतायत."

यमू ही त्यांची एकुलती एक लेक. एवढे सांगून सगुणा आत गेली, पेटीबद्दल अवाक्षर बोलली नाही. शहाणी बाई.

पेटीत काय आहे हे पुनाजीला न उघडताच ठाऊक होते, आणि म्हणूनच त्याने ती इतकी वर्षे उघडली नव्हती. आत बाहुलीचे घर होते, अर्धे. यमू पाच वर्षांची असताना म्हणाली होती, "बाबा, माझ्या बाहुलीला घर नाही. ती टोपलीत झोपते." पुनाजीला तेव्हा इतके भरून आले की हातातले काम टाकून तो बसला. "आधी दार करा," यमूने हुकूम सोडला, "आणि त्याला कडी लावा. नाहीतर मांजर शिरेल." पुनाजी हसला. घर उभे राहण्याआधी दार करणारा तो जगातला पहिलाच सुतार असेल! पण केले. पितळेच्या तारेची कडीसुद्धा केली. मग भिंती झाल्या, छप्पर झाले, माळा झाला, आणि तेवढ्यात रथाचे काम आले. "दिवाळीला पुरं करतो गं," तो म्हणाला. दिवाळी आली ती पालखीचे काम घेऊन आली. पुढच्या दिवाळीला देऊळ. असे करता करता यमू नऊ वर्षांची झाली आणि तिने विचारणे सोडले. नेमके कोणत्या दिवशी सोडले ते पुनाजीला काही केल्या आठवेना. पेटीपुढे बसल्यावर त्याला हेच फार लागले.

अठराव्या वर्षी यमू सासरी गेली. आता ती बावीस वर्षांची होती.

त्याने पेटी उघडली. भिंती होत्या, छप्पर होते, अर्धे घडवलेले जाते होते, रंग न दिलेला झोपाळा होता. दार तेवढे नव्हते. उंदराने नेले असेल, असे म्हणून त्याने ते मनातून काढून टाकले. मग स्वतःशीच बोलल्यासारखा तो म्हणाला, "या वेळी लेक दारात येईल तेव्हा घर पुरं असलंच पाहिजे. तिच्यापुढे पुन्हा अर्धं ठेवलं, तर बाप म्हणवून घ्यायला मी लायक नाही."

आणि तो कामाला लागला. आठ दिवसांत पाट झाले, रांजण झाला, उखळ आणि मुसळ झाले, माळ्यावर जायची शिडी झाली. लाखेचा लाल रंग चढवून, केवड्याच्या पातीने घासून त्याने ते असे चकचकीत केले की सगुणासुद्धा दोनदा डोकावून गेली. पुनाजी खूश होता. हात अजून गेलेला नाही, असे त्याला वाटले.

नवव्या दिवशी त्याचा गुरू आला.

या वृद्धाला सारे गाव आबा म्हणत असे. आबांनी हयातभर लाकडी खेळण्यांखेरीज काही केले नाही. पुनाजी त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. तो मोठमोठ्या कामांकडे वळला तेव्हा आबा एवढेच म्हणाले होते, "जा बाबा, देवालाही घर लागतंच." आता त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ते नखाने बघत. लाकडावरून अंगठ्याचे नख फिरवले की कुठे खोट आहे ते त्यांना डोळसांच्या आधी कळे.

आबांचा एक जुना नियम होता. बाहुलीचे घर करायचे तर ज्या मुलीसाठी करायचे तिच्या करंगळीची लांबी दोऱ्यावर घ्यायची. तेवढी बाहुली उंच. मग घरातली प्रत्येक वस्तू, दार, पाट, जाते, शिडी, त्या दोऱ्याला घड्या घालून मोजायची. पट्टीला हात लावायचा नाही. आणि घर झाले की त्या मुलीने दारातून करंगळी आत घालायची, तो गृहप्रवेश. तोवर घर पुरे झाले असे म्हणायचे नाही. आबांच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण हे जाणून होता.

आबांनी एक पाट उचलला, दोन बोटांत फिरवला आणि विचारले, "कुणासाठी केलास?"

"बाहुलीसाठी, आबा."

"कुणाच्या? रावणाच्या?"

पुनाजीचा चेहरा पडला. आबा म्हणाले, "ठेव बघू आत." त्याने पाट ठेवला, तर पाटानेच अर्धे माजघर अडवले. रांजण दारातून आत जाईना. शिडी माळ्याच्या वर चार पायऱ्या उरली. पुनाजी चाचरत म्हणाला, "लाकूड ओलं होतं, फुगलं असेल."

"लाकूड नाही फुगलं. डोळा फुगलाय तुझा," आबा म्हणाले. "सतरा वर्षं तो रथाची चाकं बघतोय. बाहुली केवढी असते ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? दोरा काढ."

"दोरा आता कुठला, आबा? कधीच टाकला असेल."

सगुणा आतून ऐकत होती. ती आपला कुंकवाचा करंडा घेऊन आली. त्याच्या तळाशी, चिंधीत गुंडाळलेला, पिवळा पडलेला दोऱ्याचा एक तुकडा होता, दोन टोकांना दोन गाठी मारलेला.

"तुम्ही टाकलात तेव्हा मी उचलून ठेवला," ती म्हणाली. "लेकीच्या बोटाचं माप कुणी केरात टाकतं का?"

पुनाजीने तो दोरा आपल्या बोटावर धरला. दीड पेरातच तो संपला. आता पाहा, हत्तीएवढे खांब उभे करणारा हा माणूस, पण तो दीड पेराचा दोरा त्याने पुन्हा पुन्हा बोटावर धरून पाहिला.

"एवढी होती ती?"

"एवढीच होती," सगुणा म्हणाली.

आठ दिवसांची ती सगळी कामगिरी पुनाजीने स्वतःच्या हाताने न्हाणीच्या चुलीत घातली आणि पहिल्यापासून आरंभ केला.

पुढचे दिवस कसे गेले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. दोऱ्याची चौथी घडी म्हणजे जात्याची रुंदी. ते शेंगदाण्याएवढे झाले, पण त्यात खुंटा बसला आणि ते फिरू लागले. मुसळ जिऱ्यापेक्षा जरासे लांब. पटाशी फार मोठी पडू लागली तेव्हा पुनाजीने सुई घासून तिला धार दिली आणि तो सुईनेच कोरू लागला. कोरताना श्वास रोखावा लागे, नाहीतर पाट उडून जाई! सुरुवातीला तो चिडला, घामाघूम झाला. मग हळूहळू त्याचा हात शांत होत गेला. कधी कधी सगुणा जेवायला हाक मारी आणि तो मान वर करून तिच्याकडे असा पाही, की ही एवढी मोठी बाई कोण! आबा रोज दुपारी येत, नख फिरवीत, "हं" म्हणत. त्या "हं"साठी पुनाजी सकाळपासून झटे.

अडतिसाव्या दिवशी आतले सगळे झाले. राहिले दार. पुनाजीच्या मनात त्याचा आराखडा केव्हाचा तयार होता. चौकट थोडी रुंद करायची, दारावर कमळ कोरायचे, पितळेच्या फुल्या ठोकायच्या. एवढी वर्षे वाट पाहायला लावली, तर दार तरी राजवाड्याला शोभेल असे हवे. त्याने उत्साहाने हे आबांना सांगितले.

आबांनी चौकटीवरून दोनदा नख फिरवले. मग म्हणाले, "दार करायचं नाही."

"म्हणजे?"

"करायचं नाही म्हणजे नाही. आणि चौकटीला हात लावायचा नाही. केसभरसुद्धा."

"अहो आबा, बिनदाराचं घर? यमू पाच दिवसांवर आली! पुन्हा तिच्यापुढे अर्धंच ठेवू?"

"मी काय सांगितलं ते ऐकलंस ना?" एवढे बोलून म्हातारबुवा काठी टेकीत निघून गेले. कारण नाही, काही नाही.

पुनाजीचा जीव कासावीस झाला. म्हाताऱ्याला चळ लागला, असेही त्याच्या मनात येऊन गेले, खोटे कशाला सांगू! दोन दिवस त्याने कळ काढली. तिसऱ्या दिवशी राहवेना. त्याने सागाचा एक कपचा घेतला आणि दार केले, कमळासकट. आयुष्यात इतके सुंदर काम त्याच्या हातून झाले नव्हते. ते त्याने चौकटीला लावून पाहिले. केसभर रुंद होत होते. दार तासावे तर कमळ कापले जाई; चौकट आतून जराशी तासली की बसणार. त्याने सुई उचलली आणि चौकटीला टेकवली.

"आबांनी चौकटीला हात लावू नका म्हटलंय ना?" मागून सगुणा म्हणाली.

"कळतं गं मला! पण लेक काय म्हणेल?"

"ते मला नाही माहीत. पण त्या दिवशी दोऱ्याचं त्यांचं बरोबर निघालं, एवढं माहीत आहे."

पुनाजीने कमळावरून एकदा अंगठा फिरवला. मग त्याने सुई खाली ठेवली. ते कमळाचे दार त्याने करंड्यातल्या चिंधीत बांधून सगुणाकडे दिले आणि भिंतीकडे तोंड करून निजला. त्या दिवशी तो जेवला नाही.

यमू येण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच आबा आले. "आडवा हो," ते म्हणाले, "आणि दारातून आत बघ."

सगुणाने आधार दिला. मोडका पाय सांभाळीत पुनाजी जमिनीवर कुशीवर झाला आणि त्या रिकाम्या चौकटीला त्याने डोळा लावला.

तोवर त्याने ते घर छप्पर उचलून वरूनच पाहिले होते, देव पृथ्वीकडे पाहतो तसे. आता तो उंबरठ्यावर उभा होता. ओसरीवर गवाक्षातून उन्हाची एक तिरीप आली होती आणि झोपाळ्याची सावली जमिनीवर पडली होती. पलीकडे माजघरात जाते वाट पाहत होते. कोपऱ्यात पाट भिंतीला टेकून ठेवले होते, आताच कोणी जेवून उठल्यासारखे. शिडी वर अंधारात गेली होती, आणि त्या अंधारात काय आहे ते हे घर घडवणाऱ्या पुनाजीलासुद्धा सांगता आले नसते! आपण मोठ्याने श्वास घेतला तर आतले कोणीतरी दचकून बाहेर येईल, असे त्याला वाटले. शंभर देवळांचे गाभारे त्याने पाहिले होते, पण असा संकोच, असा धाक त्याला कुठे वाटला नव्हता. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. आपल्याच हातांनी केलेल्या घरापुढे त्याने हात जोडले.

"आबा," तो कुजबुजला, "हे मी केलं?"

"हं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यमू आली. सगुणाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. सातव्या महिन्याची ती जडावलेली पोर ओसरीवर आली आणि भिंतीशी ठेवलेले घर पाहून जागच्या जागी थबकली. तिची नजर रिकाम्या चौकटीवर खिळली. पुनाजीला ते पाहवेना.

"यमू," तो म्हणाला, "सगळं केलं गं पोरी. पण दार राहिलं. या वेळीसुद्धा थोडं राहिलंच बघ."

यमू पोट सांभाळीत खाली बसली, आपले गाठोडे सोडले, आणि लुगड्याच्या घडीतून एक रेशमी चिंधी काढली. चिंधीत अंगठ्याच्या पेराएवढे रुंद, साधे, बिनरंगाचे एक दार होते. त्याला पितळेच्या तारेची कडी होती.

तिने ते चौकटीत धरले. खालचा खुंट भोकात गेला, वरचा खुंट भोकात गेला, आणि सतरा वर्षांपूर्वीचे ते दार आवाजसुद्धा न करता आपल्या जागी बसले. केसाचे अंतर नाही! सगुणाने पदर तोंडाला लावला. पुनाजी आळीपाळीने दाराकडे, लेकीकडे आणि गुरूकडे पाहत राहिला.

आता आबा बोलले. "लग्नाच्या दिवशी माझ्या पाया पडायला आली, तेव्हा हे तिच्या मुठीत होतं. म्हणाली, 'आबा, बाबांना सांगू नका. घर राहिलं तर राहिलं, दार तेवढं नेते.' मी शब्द देऊन बसलो. तो मोडता येईना, आणि तुला दुसरं दार करू देववेना." जरा थांबून ते म्हणाले, "पुनाजी, तुला वाटलं, काम पेटीत पडून आहे. राहिलेलं काम पेटीत राहत नाही रे. कुणीतरी ते करंड्यात जपतं, कुणीतरी गाठोड्यात बांधून सासरी नेतं. तू मात्र ते पुरं करायला आजचा नामांकित हात घेऊन बसलास. शब्द ज्या दिवशी दिला, त्या दिवसाचं माप घेऊन बसायचं असतं. चौकट तासली असतीस, तर हे दार आयुष्यभर हलत राहिलं असतं."

पुनाजीच्या डोळ्यांना धार लागली. त्याने यमूचा हात धरला. "फार उशीर केला गं मी."

"थांबा हो बाबा," यमू म्हणाली, "गृहप्रवेश राहिलाय."

तिने दार उघडले आणि करंगळी आत घातली. करंगळी ओसरीवरून गेली, झोपाळ्याला चाटून गेली, आणि थेट माजघरात पोचून जात्याच्या खुंट्याला टेकली. तिने बोट फिरवले. आतून घरघर ऐकू आली, इतकी बारीक की चौघांनीही कान टवकारले.

यमू खुदकन हसली. "बघा, बरंच झालं. तेव्हा केलं असतंत, तर माझं बोट ओसरीवरच राहिलं असतं."

पुनाजी रडता रडता हसू लागला. आबांनी नेहमीप्रमाणे "हं" म्हटले, पण त्या वेळी त्यांचाही आवाज जरा ओलावलेला होता. यमूने बोट बाहेर काढले, दार ओढून घेतले आणि नखाच्या टोकाने कडी लावली.

"आता मांजर शिरणार नाही," ती म्हणाली.

मी ही गोष्ट जिथे सांगतो, तिथे कोणीतरी घरी जाऊन माळ्यावर चढतो, असे माझ्या कानावर येते. जरूर चढावे. पण पेटी उघडण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारावे, की त्यातले काय काय त्यांनी जपून ठेवले आहे.